पाय टेकण्याआधी

रॉकेट म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते उड्डाण. उलटी मोजणी, धुराचे लोट आणि आकाशात दिसेनासा होणारा ठिपका. पण वर गेलेलं यान कुठंतरी उतरवायचंही असतं. ते उभंच्या उभं उतरवायचं, तर त्याला पाय लागतात. एरवी कुणाचं लक्ष न जाणाऱ्या या पायांची महती जगभरच्या असंख्य मुलामोठ्यांना कळली, ती एका संगणकीय खेळामुळे.

खेळाचं नाव 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. मेक्सिको सिटीतल्या 'स्क्वाड' या कंपनीनं तो तयार केला. २०११ मध्ये तो प्रथम लोकांसमोर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. 'कर्बिन' नावाच्या ग्रहावर छोटी हिरवी माणसं राहतात. त्यांच्यासाठी टाक्या, इंजिनं, पाय असे सुटे भाग जोडून रॉकेट बांधायचं आणि उडवायचं. ग्रह काल्पनिक, पण नियम न्यूटनचेच. कर्बिनच्या 'मुन' या चंद्रावरचं गुरुत्वाकर्षणही आपल्या चंद्राइतकंच, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश ठेवलेलं आहे.

नवखा खेळाडू मुनवर निघतो तेव्हा काय होतं पाहा. तो एक उंच, सडपातळ रॉकेट बांधतो. खाली पाय लावतो. कळफलकावरचं एक बटण दाबलं, की ते छत्रीच्या काड्यांसारखे उलगडतात. पाय आखूड निघाले, तर आधी इंजिनाचं तोंडच जमिनीवर आपटतं. समजा, ते पुरेसे लांब आहेत. यान अलगद टेकतं, क्षणभर उभं राहतं आणि सावकाश आडवं होतं. पाय तर शाबूत आहेत. मग चुकलं कुठं?

आपल्या घरातली माठाची तिवई आठवा. तिचे पाय खाली फाकलेले असतात. माठाच्या वजनाचा मध्य जितका खाली आणि पाय जितके फाकलेले, तितका माठ स्थिर. वजनाच्या मध्यापासून सरळ खाली सोडलेला ओळंबा पायांच्या घेऱ्यात पडला, तर वस्तू उभी राहते. घेऱ्याबाहेर गेला, की कलंडते. चंद्राची जमीन उताराची. उतारावर उंच यानाचा ओळंबा घेऱ्याबाहेर जायला वेळ लागत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू बुटकं, पसरट यान बांधतात.

दुसरी गोष्ट आडव्या वेगाची. चंद्रावर वजन कमी, तेव्हा यान उलटण्याची भीतीही कमी, असं आपल्याला वाटतं. खरं उलट आहे. यानाला खाली धरून ठेवणारं वजन सहापटीनं घटतं, पण त्याचं वस्तुमान तेवढंच राहतं. त्यामुळे सरकत आलेल्या यानाचा पाय दगडाला अडला, की पृथ्वीवर लागला असता त्याच्या निम्म्याहून कमी वेगानंही ते उलटू शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं 'ओडिसियस' हे उंच यान चंद्रावर उतरलं, तेव्हा हेच घडलं. उतरताना त्याला थोडा आडवा वेग राहिला होता. एक पाय मोडला आणि यान कलंडलं.

तिसरी गोष्ट धक्क्याची. खेळातल्या पायांना स्प्रिंग असते आणि तिची उसळी शमवणारी योजनाही असते. खऱ्या चांद्रयानांत बहुधा वेगळी युक्ती वापरतात. अपोलो यानांच्या पायांत ॲल्युमिनियमची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी होती. धक्का बसला, की ती चुरगळायची आणि ऊर्जा शोषून घ्यायची. चुरगळली ती चुरगळली, उसळी नाही. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी यान इतकं अलगद उतरवलं, की पाय फारसे दबलेच नाहीत आणि शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून बरीच उंच राहिली!

धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या 'चांद्रयान-३'च्या वेळी विक्रम लँडरचे पाय बळकट केले गेले. सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर वेगानं टेकलं, तरी ते टिकावेत हा हेतू. वेग दीडपट, पण सोसायची ऊर्जा सव्वादोनपट. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम आपल्या चार पायांवर सुखरूप उभा राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये 'चांद्रयान-२'चा लँडर मात्र नियंत्रण सुटून आदळला होता. तो वेग कुठल्याच पायांच्या आवाक्यातला नव्हता.

मग पाय आणखी भक्कम का करू नयेत? कारण वजन. उतरतानाच्या काही क्षणांसाठी लागणारे हे पाय सगळ्या प्रवासात वाहून न्यावे लागतात आणि प्रत्येक जादा किलोला इंधन लागतं. पाय जड केले, की यान मुनपर्यंत पोचतच नाही, हे खेळाडूलाही लवकरच उमगतं.

शिवाय पाय टेकले आहेत, हे यानाला कळावंही लागतं. डिसेंबर १९९९ मध्ये 'मार्स पोलर लँडर' हे अमेरिकी यान मंगळावर नष्ट झालं. चौकशीत निघालेलं सर्वांत संभाव्य कारण असं : पाय उलगडताना बसलेला हिसका हाच जमिनीचा स्पर्श, असं संगणकाला वाटलं आणि जमीन सुमारे ४० मीटर खाली असतानाच त्यानं इंजिनं बंद केली. पायांनी दिलेला एक खोटा निरोप सगळी मोहीम घेऊन गेला.

खेळात यान कोसळलं, तर मागचा टप्पा पुन्हा सुरू करता येतो. खऱ्या मोहिमेत ती सोय नाही. पण धडा दोन्हीकडे एकच. वेग किती कमी केला, आडवी चाल किती मारली, जागा कशी निवडली, यावर उतरणं ठरतं. या सगळ्यात जी थोडी उणीव उरते, तेवढीच पाय सांभाळून घेतात. पायांवर त्याहून अधिक भार टाकू नये.