दुपारी एक ते चार

पुण्यातल्या 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीवर इतके विनोद झाले आहेत, की उद्या पाट्या गेल्या तरी विनोद राहतील. वामकुक्षीच्या या वेळेला साऱ्या महाराष्ट्राने हसून घेतलं. वीज क्षेत्रातली माणसं मात्र गेल्या काही वर्षांपासून या तीन तासांकडे अतिशय गंभीरपणे पाहू लागली आहेत. येत्या वीस-तीस वर्षांत रोजचं जगणं कसं बदलेल असं कुणी विचारलं, की आपल्या डोळ्यांसमोर उडत्या मोटारी येतात, भांडी घासणारा यंत्रमानव येतो. येतीलही ते. पण मला सगळ्यात मोठा बदल दिसतो तो आपल्या दिवसाच्या वेळापत्रकात, आणि त्याचा मध्यबिंदू भर दुपारी आहे.

कारण साधं आहे. वीज ज्वारीसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी ती कुठेतरी तयार होत असावी लागते. आजवर ही जबाबदारी मुख्यतः कोळशाने उचलली. मागणी वाढली की भट्टीत कोळसा जास्त, कमी झाली की कमी. माणूस म्हणेल तेव्हा वीज, असा तो मामला होता. सूर्य असा कुणाच्या म्हणण्याने चालत नाही, पण तो भलताच स्वस्त झाला आहे. २०१० च्या सुमारास देशातल्या पहिल्या मोठ्या लिलावांत सौर वीज युनिटला बारा रुपयांच्या आसपास पडत होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला. जानेवारी २०२५ अखेर देशाची सौर क्षमता १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. तुलनेसाठी, ३० मे २०२४ रोजी देशाची एका वेळची मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत चढली होती आणि तो तोवरचा विक्रम होता. म्हणजे निरभ्र दुपारी गरजेचा मोठा हिस्सा सूर्य एकटा भागवू लागला आहे.

आणि संध्याकाळी सातला तो हिस्सा शून्य होतो. नेमके त्याच वेळी घरोघर दिवे लागतात, टीव्ही लागतो, एसी सुरू होतो. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी २०१३ साली याचा आलेख काढला तेव्हा त्यांना त्यात बदक दिसलं. सौर वीज वजा केल्यावर उरणारी मागणी दुपारी पोटासारखी खाली लोंबते आणि संध्याकाळी मानेसारखी उभी चढते. (आपण काढला असता तर त्यात मोर दिसला असता.) आपल्याकडेही हे सुरू झालं आहे. राजस्थानात वाहून नेणाऱ्या तारा अपुऱ्या पडल्या म्हणून भर उन्हात सौर प्रकल्पांना 'वीज कमी करा' असं सांगण्याची वेळ आली.

मग ओघानेच दर बदलतात. केंद्राने जून २०२३ मध्ये नियम केला, की उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग असावी. महावितरणने जुलै २०२५ पासून 'टीओडी' (वेळेनुसार वीज मोजणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत देऊ केली. कारखान्यांना वेळेनुसार दर नवे नाहीत. आपल्या घरातल्या विजेला मात्र पहिल्यांदाच घड्याळ लागलं आहे.

विजेने माणसाचं घड्याळ हलवण्याची ही पहिली खेप नव्हे. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूर्याबरोबर चालत आणि सूर्याबरोबर थांबत. अंधार पडला की सुटका. मग साच्यांवर विजेचे दिवे आले. १९०५ च्या तेजीत काही गिरण्यांमध्ये कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला. दिवा लावल्याने कुणाचं आयुष्य उजळलं आणि कुणाची झोप गेली, याचा हिशेब त्या काळी फार थोड्यांनी मांडला. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, चौकश्या बसल्या, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. बारा तास हीसुद्धा तेव्हा सवलत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली, ती याच ओढाताणीतली. यंत्र वेळ वाचवतं म्हणतात. वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला जातो हे यंत्र ठरवत नाही.

आता जुन्नरकडे जाऊ. तिथल्या माझ्या मामांचं आयुष्य गेली कित्येक वर्षं थ्री फेजच्या वेळापत्रकावर चाललं. शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतासाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, एक आठवडा दिवसा आठ तास वीज, पुढचा आठवडा रात्री दहा तास. रात्रीचा आठवडा आला की मामा गमबूट चढवून, बॅटरी घेऊन दारं धरायला निघत. उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो हे जुन्नरमध्ये बातमी म्हणून कुणी सांगत नाही. साप, थंडी, पाण्याखाली गेलेला बांध हे वेगळंच. "रात्रपाळी कारखान्यातल्यालाही असते रे," मामा म्हणायचे, "फरक इतकाच, त्याला पगार मिळतो." ते परत येईपर्यंत मामी जागी असायची. तिची रात्रपाळी तर कुणीच मोजली नाही.

रात्रीची ही वीज शेतकऱ्याच्या सोयीसाठी नव्हतीच. रात्री शहरं झोपतात, पण कोळशाचे संच असे झटक्यात बंद करता येत नाहीत. उरलेली वीज कुठेतरी खपवायची, म्हणून ती शेताकडे वळवली. सूर्यामुळे हे गणित उलटलं आहे. आता वीज दुपारी उरते, तेव्हा शेताला दुपारी द्या! मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात २०१७ मध्ये राळेगणसिद्धीतून झाली. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फिडरवर सोडायची. शेतकऱ्याचा पंप तोच, विहीर तीच, फक्त वीज दिवसा. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे आणि त्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत गेलं आहे. राज्यात शेतीपंप ४० लाखांहून जास्त आहेत. या सगळ्यांची रात्र परत मिळाली, तर माझ्या मते या शतकातल्या महाराष्ट्राची ती फार मोठी घटना ठरेल, मोबाईलहूनही मोठी. रात्री झोपलेल्या माणसाचा फोटो पेपरात छापून येत नाही, म्हणून ती कुणाला दिसणार नाही इतकंच.

पण यातही मेख आहे. रात्री लाईटची वाट पाहणारा माणूस झोपेपायी का होईना, कधीतरी मोटार बंद करत होता. स्वतःच्या पॅनलवर चालणारा सौर पंप तर दिवसभर चालतो आणि त्याचं बिल येत नाही. पाणी उपसायला पैसे पडत नसले की विहिरीचा तळ लवकर दिसतो. ऊस आणि मोकाट पाणी तसंच राहिलं, तर स्वस्त ऊन जमिनीखालचं पाणी महाग करेल. ठिबकशिवाय सौर पंप म्हणजे नुसती उपशाची घाई. सरकारी जाहिरातींत पॅनल चमकतं, त्याच्यामागची विहीर दिसत नाही.

शहरात काय होईल? सोसायटीचा पंप दुपारी लावा, वरची टाकी हीच आपली बॅटरी, असा सल्ला हल्ली ऐकू येतो. ऐकायला छान आहे, पण हिशेब करून पाहा. दहा हजार लिटर पाणी सहा मजले चढवायला पंपाची सगळी गळती धरून साधारण एक युनिट लागतं. आणि अंघोळीचं पाणी? एक बादली वीस अंशांनी तापवायला युनिटचा सुमारे तिसरा हिस्सा. म्हणजे तीन बादल्या गरम पाण्यात अख्ख्या इमारतीची टाकी भरते. उचलणं स्वस्त, तापवणं आणि गार करणं महाग. घरातली वीज खाणारी खरी मंडळी गिझर, एसी आणि फ्रीज. दिवे उगाच बदनाम आहेत.

आता कुणी म्हणेल, गिझर दुपारी लावू. चार माणसांच्या चार बादल्या दुपारी तापवल्या तर युनिटमागे ८० पैशांच्या हिशेबाने महिन्याला वाचतात तीसेक रुपये. तेवढ्यासाठी कुणी दिनक्रम बदलणार नाही, बदलूही नये. त्यामुळे ही वेळ पाळण्याचं काम माणसाकडून यंत्राकडे जाईल. जाड आवरणाची टाकी दुपारी पाणी तापवून पहाटेपर्यंत गरम ठेवेल. आपले सोलर बंब इतकी वर्षं दुसरं काय करत आलेत? फ्रीज दुपारी जास्त गारठून घेईल आणि संध्याकाळी गप्प बसेल. स्कूटर घरी रात्री चार्ज होण्याऐवजी कचेरीच्या आवारात उन्हाच्या वेळी होईल. हे सगळं मीटरशी बोलत राहील, आणि मीटरला तुम्ही कधी उठता, घर कधी रिकामं असतं हे कळत राहील. ती माहिती कुणाकडे राहणार, हा प्रश्न मीटर बसवायला आलेल्या माणसाला विचारून उपयोग नाही, पण विचारायला हवा.

ज्याला हे जमणार नाही त्याचं काय? संध्याकाळी सातला कामावरून घरी येऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईला वेळ निवडता येत नाही. उद्या गॅसच्या जागी इंडक्शन आलं, तर तिच्या पोळ्या दिवसातल्या सगळ्यात महाग विजेवर भाजल्या जातील. घरी असणाऱ्या बाईची दुपार, जेवणानंतरचा तो एक शांत तास, 'स्वस्त वेळ' म्हणून धुण्याने आणि इस्त्रीने भरून जाईल. छताचंही तसंच. एक किलोवॉट पॅनलला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. बंगलेवाल्याला ते फार मोलाचं. ऐंशी फ्लॅटच्या टॉवरचं पाच हजार चौरस फुटांचं छत अख्खं झाकलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला अडीच युनिट येतात. चाळीतल्या भाडेकरूला तर छतच नाही.

आणि जुलैत सूर्यच नाही. कोकणात तर आठ-आठ दिवस नाही. तेव्हा साठवण हवीच. बॅटऱ्या २०१० च्या मानाने नव्वदेक टक्क्यांनी स्वस्त झाल्या आहेत, त्या येतीलच. पण सह्याद्रीकडे याहून जुना उपाय आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. वीज उरली की खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिट घालून तीनेक परत मिळतात. अशा प्रकल्पांची मूळ कल्पना रात्री चढवा, दिवसा उतरवा अशी होती. आता ते दुपारी चढवतील आणि संध्याकाळी उतरवतील. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी २,८०० मेगावॉटच्या अशा दोन प्रकल्पांचा करार केला, एक भिवपुरीला आणि एक शिरवट्याला. शिरवटा हे लोणावळ्याजवळच्या त्याच टाटा जलविद्युत योजनेतलं तळं, जिच्यातून १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. पुढे याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. आता घाटात पुन्हा मोजणीच्या काठ्या रोवल्या जातील. या वेळी तरी जमीन देणाऱ्याला आधी विचारावं आणि वीजही आधी त्याच्या घरात पोहोचवावी.

आज रविवार आहे. बऱ्याच कचेऱ्या आणि कारखाने बंद असल्याने रविवारी मागणी कमी असते, आणि सूर्य मात्र सुट्टी घेत नाही. आभाळ मोकळं असेल तर आज एक ते चारच्या दरम्यान राज्याच्या तारांत भरपूर वीज खेळत असेल. धुणं यंत्राला लावायचंच असेल तर जेवणं झाल्यावर लावा, आणि खुशाल आडवे व्हा.