गणतीतून सुटलेल्यांची गणती

जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली. तेव्हापासून चर्चा मोबाइल ॲप, स्वयंगणना आणि जातीचा रकाना यांचीच चालली आहे. त्याहून मूलभूत प्रश्न मागे पडलाय: कितीही नेकीनं मोजलं तरी काही माणसं सुटतात, ती किती? २०११नंतर निवडक गावांत आणि वस्त्यांत सरकारनंच फेरतपासणी केली, तेव्हा निव्वळ गळती हजारी २३ निघाली. १२१ कोटींच्या देशात ही माणसं पावणेतीन कोटींच्या घरात जातात.

जे मोजलंच गेलं नाही ते मोजता कसं येतं? शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्राबागेत दोघांनी एकमेकांना न विचारता झाडं मोजून खुणा केल्या, असं समजा. पहिल्याची ९०० झाली, दुसऱ्याची ८००; दोन्ही खुणा असलेली ७२०. दुसऱ्याच्या ८००पैकी ७२० पहिल्यालाही सापडली, म्हणजे पहिला शंभरातली नव्वद झाडं टिपतो. मग बागेत झाडं असणार हजार, आणि त्यातली २० दोघांनाही दिसली नाहीत! मेळघाटातल्या वाघांचा अंदाज कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून बांधतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. जन्ममृत्यूच्या नोंदींना ते लावून दाखवलं सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी, १९४९ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूरमधल्या नोंदी घेऊन. डेमिंग पुढे जपानी कारखान्यांच्या गुणवत्तेमुळे जगभर गाजले. मुंबईच्या लोकसंख्या अभ्यास संस्थेचे संचालक राहिलेल्या चंद्रशेखरन यांचं नाव मात्र महाराष्ट्रातही क्वचितच निघतं, याची खंत वाटते.

या पद्धतीवरचा रास्त आक्षेप त्या दोघांनी स्वतःच ओळखला होता. दोघंही मोजणारे बांधाबांधानंच फिरले, तर आतली झाडं दोघांच्याही हिशेबातून जातात आणि अंदाज कमी येतो. त्यावर त्यांचा उपाय असा: सारख्या परिस्थितीतल्यांचे गट पाडा आणि प्रत्येकाचं गणित वेगळं करा. वऱ्हाडात हे फार महत्त्वाचं आहे. जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७, म्हणजे ऐन मृग बहाराच्या तोडणीचे दिवस. प्रगणक आणि फेरतपासणी करणारा, दोघंही पक्क्या घरांच्या ओळीनंच गेले, तर बागेतल्या झोपडीत उतरलेला मजूर दोघांनाही भेटणार नाही.

ॲपमुळे गळती थांबेल, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ॲप बेरीज चुकू देणार नाही. पण ज्या झोपडीपर्यंत कुणी पोचलंच नाही, तिची उणीव त्याला कळणार कशी? चूक जाहीर केली तर लोकांचा विश्वास उडेल, ही भीतीही मला पटत नाही. वॉर्डांची रचना, राखीव जागा आणि निधी ज्या आकड्यांवर ठरतात, त्यांतली गळती कुठे आणि कुणाची, हे जाणून घेणं नागरिकांचा हक्क आहे. जिल्हावार फेरतपासणीला खर्च येईल, नमुनाही मोठा घ्यावा लागेल. तरीही तो करावा, आणि लोकसंख्येच्या तक्त्यांच्या जोडीनं गळतीचे तक्तेही प्रत्येक जिल्ह्याला मिळावेत. सुटलेल्यांचा अंदाज हाती असेल तरच निधी वाटताना त्यांचा वाटा बाजूला काढता येईल.