भाव कोणत्या दिवसाचा?

गेल्या दिवाळीत पुण्याहून निंबोल्याला येताना मी दोन गोष्टी आणल्या. आईसाठी केर काढणारा रोबो आणि नानांसाठी तीस लाखांची बातमी. पंधरा दिवसांत दोन्ही नादुरुस्त निघाल्या. मी बीई झालेला, बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असलेला माणूस, आणि दोन्ही बिघाड मला आधी कळले नाहीत, याची लाज अजून वाटते.

बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघालं की निंबोला लागतं. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेतात केळी, असं आमचं गाव. हमरस्त्याची धूळ दिवसातून दोनदा काढली तरी पुरत नाही. आईची कंबर धरायला लागली, म्हणून रोबो घेतला. आईने त्याचं नाव 'कासव' ठेवलं.

पहिल्या दिवशी कासव बैठकीत छान फिरलं. स्वयंपाकघराच्या तोंडाशी मात्र थबकलं. आमच्या जुन्या घरात तिथे काळ्या कडप्प्याची पट्टी आहे. तिच्यापाशी यायचं, मागे सरायचं, पुन्हा यायचं आणि मग फोनवर संदेश, 'यंत्र कड्यावर अडकले आहे.' कारण सोपं आहे. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. फरशीवरून तो परत आला की समजायचं, खाली जमीन आहे. काळा दगड बराचसा प्रकाश गिळतो. मग सपाट पट्टीसुद्धा यंत्राला दरी वाटते.

इथवर ठीक होतं. पण तिसऱ्या दिवसापासून कासव पांढऱ्या फरशीवरही अडू लागलं. लाइट जाऊन आली की त्याचं वेळापत्रक बिघडायचं आणि पहाटे तीनला घरघर सुरू व्हायची. ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर एकच, "सर, आपकी फ्लोअर काली है, रीसेट कीजिए." सात वेळा रीसेट केलं. घरून यंत्र घेऊन जायला सांगितलं, तर आमच्या पिनकोडवर ती सोय नाही म्हणे.

त्याच आठवड्यात दुसरा घोळ चालू होता. माझ्या कंपनीने काही वर्षांपूर्वी मला तीनशे स्टॉक ऑप्शन दिले होते. म्हणजे कंपनीचे तीनशे शेअर, प्रत्येकी २०० रुपये या ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. दिवाळीआधी कंपनीने शेअरची विभागणी केली, एकाचे पाच. मेल आला, 'आपले ऑप्शन समायोजित करण्यात आले आहेत.' पोर्टल उघडलं, तर तीनशेचे दीड हजार झाले होते. शेजारच्या रकान्यात एका शेअरचं मूल्य २,००० रुपये. मी गुणाकार केला. तीस लाख!

नानांना सांगितलं. शेजारची दीड एकर जमीन विकायला निघाली होती. तिची विहीर आमच्या बांधाला लागून, नानांची जुनी इच्छा. मी म्हटलं, "नाना, घ्या. पैसे मी देतो." सोमवारी एक लाख इसार द्यायचं ठरलं.

शनिवारी रात्री मी कासव उलटं करून त्याचे सेन्सर पुसत होतो. नाना शेजारी बसून बॅटरी धरत होते. मध्येच म्हणाले, "भाऊ, तो दोन हजारांचा भाव कोणत्या दिवसाचा?"

केळी विकणाऱ्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो. तिथे कालच्या भावाला आज किंमत नाही. मी पोर्टल पुन्हा उघडलं. मूल्याखाली बारीक अक्षरांत तारीख होती, विभागणीच्या आधीची. ऑप्शनची संख्या नवी, मूल्य जुनं. एकाचे पाच झाल्यावर मूल्यही पाचाने भागायला हवं होतं, २,००० चे ४००. दीड हजार गुणिले ४०० म्हणजे सहा लाख. विभागणीच्या आधीही तीनशे गुणिले २,००० म्हणजे सहा लाखच होते. एक पैसाही वाढला नव्हता.

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "घडाच्या पाच फण्या केल्या म्हणून केळी वाढत नाहीत. वजन तेवढंच."

त्या रात्री मी सगळी कागदपत्रं पहिल्यांदा नीट वाचली. घ्यायची किंमतही २०० वरून ४० झाली होती, म्हणजे सगळे शेअर घ्यायला आधीसारखेच ६० हजार. पण खरा खड्डा पुढे होता. ऑप्शन वापरून शेअर घेतले, की त्या दिवसाचं मूल्य आणि आपण दिलेली किंमत यांतला फरक पगाराचा भाग धरला जातो. इथे तो ५ लाख ४० हजार. मी तीस टक्क्यांच्या टप्प्यात, सेस धरून ३१.२ टक्के. म्हणजे १ लाख ६८ हजारांच्या वर कर, तोही शेअर विकण्याआधी. आमची कंपनी बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे विकायचे कुणाला हाही प्रश्नच. २०२० च्या अर्थसंकल्पाने काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलायची सवलत दिली, पण आमची कंपनी त्यांत बसत नाही. थोडक्यात, ज्या हक्काच्या जोरावर मी जमीन घेणार होतो, तो वापरायलाच खिशातून सव्वादोन लाखांहून जास्त लागणार होते.

याच्या उलटही घडतं. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा शेअर एकास एक बोनसनंतर पहिल्यांदा उघडला. आधीचा भाव सुमारे २,६५५ होता, त्या दिवशी १,३३० च्या आसपास. बोनसचे शेअर खात्यात यायचे होते, म्हणून अनेकांच्या अॅपवर गुंतवणूक निम्मी दिसली. बुडालं काहीच नव्हतं. शेअर बाजारातल्या रिलायन्सच्या ऑप्शनचंही तेच. ठरलेली किंमत निम्मी झाली आणि लॉट २५० चा ५०० झाला, म्हणजे एकूण व्यवहार तेवढाच. ती घसरण काळ्या कडप्प्यासारखी होती, दरी नसून दिसणारी. माझ्या पोर्टलवर मात्र दरी असून सपाट फरशी दिसत होती. समायोजन हा शब्द आला, की संख्या, किंमत आणि मूल्य तिन्ही एकाच तारखेचे आहेत ना, हे आधी बघायचं.

रविवारी सकाळी नानांनी शेजारच्या काकांकडे जाऊन इसार थांबवला. महिन्याभरात ती जमीन दुसऱ्याने घेतली. नाना त्याबद्दल बोलत नाहीत. मी कंपनीला लिहिलं, आकडा दुरुस्त झाला. आमच्या टीममधल्या आणखी दोघांनी त्याच तीस लाखांवर बेत आखले होते.

कासवाचं काय झालं? सेन्सर पुसून मी ते काळ्या पट्टीपासून दूर, पांढऱ्या फरशीवर चालवलं आणि ते अडताना व्हिडिओ काढला. काळी फरशी ही यंत्राची मर्यादा, पण पांढऱ्यावर अडणं हा दोष, हे वेगळं करून दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो, हेही विक्रेत्याला कळवलं. दहा दिवसांनी बुऱ्हाणपूरच्या कुरिअरवाल्याकडे बदली यंत्र आलं.

नवं कासव दोन खोल्या नीट करतं. काळी पट्टी मी अॅपवर बंद करून ठेवली आहे. तेवढी आई झाडूने काढते आणि म्हणते, "याला जिथे दिसत नाही, तिथे मी आहे."

परवा पगारवाढीचं पत्र आलं. नानांना फोन करून आकडा सांगितला. पलीकडून लगेच प्रश्न आला, "कोणत्या तारखेपासून?"