मॉरिशसची खरूची: उरल्या होत्या फक्त ४

मॉरिशस म्हटलं की हनिमून आणि निळं पाणी. पण हे बेट ज्वालामुखीतून वर आलंय आणि आतल्या डोंगरांत उरलंसुरलं मूळ जंगल आहे.

तिथे फर्नीच्या दरीत चालताना डोक्यावरून एक छोटा शिकारी पक्षी सपकन गेला. मॉरिशस केस्ट्रल, म्हणजे तिथली खरूची! जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारी खरूची माळरानावर हवेत एका जागी फडफडत भक्ष्य हेरते. मॉरिशसच्या खरूचीचे पंख मात्र आखूड, गोलसर. त्यामुळे झाडांमधून झरझर वळत ती हिरव्यागार पाली पकडते.

१९७४ मध्ये जंगलात फक्त ४ पक्षी उरल्याची नोंद आहे. जंगलतोड, डीडीटी हे कीटकनाशक आणि माणसाने आणलेली माकडं, मुंगसं, उंदीर ही त्याची कारणं.

मग पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि सहकाऱ्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवली. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, त्यामुळे एकाच हंगामात जास्त पिल्लं मिळाली. आज हे पक्षी काही शेकड्यांत आहेत.

जाणार असाल तर दुर्बीण न्या, स्थानिक गाईड घ्या आणि घरट्यापासून लांब राहा.