शहराची हवा आणि अरण्यातील वायुकलिल : मावळाच्या दृष्टीने काही विचार

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म घन वा द्रव कणांच्या समुच्चयास वायुकलिल म्हणतात. धूळ, काजळी, समुद्राच्या फेसातून उडणारे मीठ ही द्रव्ये कणरूपानेच हवेत शिरतात. परंतु कित्येक कण हवेतच जन्मास येतात. वनस्पतींनी सोडलेल्या कार्बनी वायूंचे ऑक्सिडीकरण होऊन कमी बाष्पनशील अशी द्रव्ये बनतात आणि ती संघनित होऊन कणांचे रूप घेतात. ह्या दुय्यम कणांस आपण सहजच ‘नैसर्गिक’ म्हणतो. ते विशेषण कितपत सार्थ आहे, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

दूरच्या वनाच्छादित डोंगरांवर दिसणारे निळसर धुके झाडांच्या टर्पीन वर्गातील द्रव्यांपासून उत्पन्न होते, असे प्रतिपादन एफ. डब्ल्यू. वेंट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली केले. वनस्पती सोडतात त्या वायूंत प्रमाणाने सर्वांत मोठा म्हणजे आयसोप्रीन. त्याचे जागतिक उत्सर्जन वर्षाला सुमारे ५० कोटी टन भरते. वड-उंबराच्या वंशातील अनेक जाती व काही बांबू हा वायू सोडतात, आणि ऊन व उष्णता वाढेल तसे उत्सर्जन वाढत जाते. आयसोप्रीनचा रेणू लहान असल्यामुळे त्यापासून कण बनत नसावेत, अशी दीर्घकाळ समजूत होती. २००४ साली मॅग्डा क्लेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमेझॉनच्या अरण्यातील कणांत आयसोप्रीनपासूनच बनलेली द्रव्ये दाखवून दिली, तेव्हा ती मागे पडली.

ह्याच अरण्यात निसर्गाने एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. ब्राझीलमधील मनाउस हे सुमारे २० लाख वस्तीचे शहर चोहोबाजूंनी अरण्याने वेढलेले आहे. पावसाळ्यात तेथील अरण्याची हवा इतकी स्वच्छ असते की, एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम काही शे कण सापडतात. म्हणूनच तिला ‘हरित समुद्र’ असे नाव पडले. वारा पूर्वेकडून वाहत असल्याने शहराचा धूर पश्चिमेकडे जातो. शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर, मानाकापुरूजवळ, २०१४ व २०१५ ह्या वर्षांत वेधस्थान होते. विमानातूनही मोजणी झाली. धुराचा पट्टा कधी ह्या ठिकाणावरून जाई, कधी बाजूने निघून जाई, त्यामुळे एकाच वनाची मलिन व निर्मळ हवा शेजारी शेजारी तपासता आली. मनीष श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातील मोजणी आणि गणिती प्रतिमान ह्यांची सांगड घालून २०१९ साली निष्कर्ष मांडला : धुराच्या पट्ट्यात वनजन्य कार्बनी कणांची निर्मिती सरासरीने ६० ते २०० टक्क्यांनी, आणि क्वचित ४०० टक्क्यांपर्यंत, वाढते.

येथे वाढले ते शहराचे कार्बनी द्रव्य नव्हे. झाडांचा वायू पूर्वीइतकाच होता. वाढला तो त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग. हे काम मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलक करते. कार्बनी वायूंशी होणाऱ्या विक्रियांत ते खर्ची पडते व त्यातून हायड्रोपेरॉक्सिल मूलक उरते. वाहने व वीजकेंद्रे ह्यांतून येणारे नायट्रिक ऑक्साइड ह्या उरलेल्या मूलकापासून पुन्हा हायड्रॉक्सिल निर्माण करते. शिवाय ह्याच विक्रियेत बनलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि ओझोनापासूनही हायड्रॉक्सिल मिळते. थोडक्यात, इंधन अरण्याचे, भाता शहराचा.

परंतु भाता जोराने चालविला म्हणून ज्वाला वाढतच जाते, असे मात्र नाही. नायट्रोजनाची ऑक्साइडे फार झाली, तर नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच हायड्रॉक्सिल गिळते व नायट्रिक अम्ल बनते. दुसरी अडचण आयसोप्रीनच्या मार्गाची. स्वच्छ हवेत त्यापासून एक इपॉक्साइड बनते व ते आम्लधर्मी सल्फेट कणांवर बसून कणांची वाढ करते. नायट्रिक ऑक्साइड हा मार्ग आडवते. म्हणजे एकाच धुरात साधक व बाधक अशा दोन्ही क्रिया चालू असतात. शहराच्या धुराचा परिणाम किती, हे म्हणून मूळची हवा किती स्वच्छ होती ह्यावर अवलंबून असते. मनाउसच्या टक्केवारीचा उतारा इतरत्र जसाच्या तसा लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. पुण्याहून लोणावळा ६४ किलोमीटर, म्हणजे मनाउस ते वेधस्थान एवढेच अंतर. मधल्या वाटेवर पिंपरी-चिंचवड, तळेगाव व वडगाव. पुढे घाटमाथ्याची वने. लोणावळ्यास वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास साडेसातशेच्या आसपास. ही उतरण मावळच्या वनस्पतिजीवनात पावलोपावली दिसते. नकाशावर पाहता साम्य मोहक वाटते. पण वडगावची हवा हरित समुद्र नव्हे. जुना मुंबई रस्ता, २००२ पासून पूर्ण लांबीने खुला असलेला द्रुतगती मार्ग व कारखाने ह्यांमुळे नायट्रोजनाची ऑक्साइडे येथे आधीपासूनच आहेत. आपण त्या वक्ररेषेच्या आरंभी उभे नसून पुढे कोठेतरी आहोत.

ऋतूंचा हिशोब तर निराळाच आहे. पावसाळ्यात वारा कोकणातून वर येतो. आकाश झाकलेले असते आणि सरी कण धुऊन काढतात. उन्हाळ्यात ऊन कडक, परंतु पानगळीच्या झाडांची पाने थोडी, आणि सायंकाळी सागरी वारे पश्चिमेकडून चढतात. मनाउसशी खरी तुलना होऊ शकेल ती आश्विन-कार्तिकात. तेव्हा वने अद्याप हिरवी असतात, आकाश निरभ्र होते आणि वारा पूर्वेचा होऊन पुण्याचा धूर घाटाकडे नेतो. माझ्या मते मावळात मोजणी करावयाची तर ती ह्याच दिवसांत करावी.

मोजणीतही एक फसगत संभवते. कणांतील कार्बन-१४ पाहून तो कोळसा-खनिज तेलाचा की जिवंत वनस्पतींचा, हे ठरविता येते. अमेरिकेतील अटलांटा परिसरात नेमके कोडे पडले होते. रॉडनी वेबर व इतरांनी २००७ साली दाखविले की, तेथील कणांचे जलविद्राव्य कार्बनी द्रव्य शहरी प्रदूषणाच्या बरोबरीने वाढते-घटते, पण त्यातील ७० ते ८० टक्के कार्बन ‘आधुनिक’, म्हणजे जैविक उगमाचा निघतो. कार्बन-१४ हा कार्बनाचे कूळ सांगतो. कण कोणामुळे बनला हे सांगत नाही. केवळ त्यावर विसंबले, तर शहराचा वाटा वनाच्या खाती जमा होईल.

ह्या कणांवर मेघबिंदू बनतात. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वर येथे उच्चस्थ मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली, ती सह्याद्रीच्या माथ्यावरील अशा मेघांच्या अभ्यासासाठीच. वडगावच्या बाबतीत आवश्यक ते असे : शहराच्या वाऱ्यातील व वाऱ्याबाहेरील अशी दोन ठिकाणे, आयसोप्रीन, नायट्रोजनाची ऑक्साइडे व ओझोन ह्यांची एकाच वेळी मोजणी, आणि कणांच्या घटकांचे पृथक्करण. दुपारची वेळ ह्यासाठी अधिक उपयुक्त, कारण सकाळी इंद्रायणीच्या खोऱ्यात साचलेली थंड हवा खालचा धूर वरच्या वनापर्यंत पोहोचू देत नाही.