गोठलेल्या नदीचे पंचांग

काही दिवसांपूर्वी एका शाळेत चौथीच्या वर्गावर ध्रुवप्रदेशाचा पाठ चालू असता मी मागील बाकावर बसलो होतो. "तेथील नद्या व सरोवरे हिवाळ्यात तळापर्यंत गोठून जातात," असे गुरुजींनी सांगताच एका मुलीने विचारले, "मग मासे कोठे जातात, गुरुजी?" गुरुजी हसले आणि पाठ पुढे चालू झाला. प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याच्या पोटात आजच्या हवामानबदलाचा एक मोठा विषय दडलेला असल्याने हे टिपण शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

पाणी थंड होऊ लागले म्हणजे ते आकुंचन पावून जड होते, व तळाशी जाते. परंतु ४ अंश सेल्सिअसच्या खाली हा क्रम उलटतो. त्याहून थंड पाणी हलके होऊन पृष्ठभागीच राहते व तेथेच गोठते. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो तरंगतो. अशा रीतीने खोल सरोवरावर बर्फाचे झाकण बसते; त्याखाली पाणी पाणीच राहते आणि त्यात मासे हिवाळा काढतात. हे झाकण केव्हा बसते, किती जाड होते व केव्हा फुटते, यांवर उत्तरेकडील माणसांचे अर्धे वर्ष अवलंबून असते.

म्हणूनच या तारखा लोकांनी फार पूर्वीपासून टिपून ठेवल्या आहेत. स्वीडन व फिनलंड यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या टोर्निओ नदीचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला, याची नोंद ओलोफ आल्बोम नावाच्या व्यापाऱ्याने १६९३ साली सुरू केली. युद्धामुळे मध्यंतरी काही वर्षे खंड पडला, तरी ती परंपरा आजतागायत चालू आहे. हा फार जुना पुरावा होय. त्यावरून पाहता बर्फ फुटण्याचा दिवस जवळजवळ दोन आठवडे अलीकडे आला आहे. उत्तर गोलार्धातील अनेक नद्यासरोवरांच्या १८४६ ते १९९५ या काळातील नोंदी एकत्र पाहिल्या असता, शंभर वर्षांत गोठणे सुमारे सहा दिवस लांबले आणि फुटणे साडेसहा दिवस आधी आले, असे आढळले.

अलास्कातील नेनाना या गावाची गोष्ट मुलांना विशेष आवडेल. तेथे १९१७ साली रेल्वेच्या कामावरील लोकांनी टनाना नदीचा बर्फ केव्हा फुटेल यावर पैज लावली. ती पैज पुढे दरवर्षीची झाली. बर्फावर लाकडी तिकाटणे उभे करून त्याची तार काठावरील घड्याळास जोडतात. बर्फ सरकला की घड्याळ थांबते. पैजेचे मी समर्थन करीत नाही, पण तिच्यामुळे मिनिटापर्यंत अचूक नोंद मिळाली हे खरे. पहिल्या वर्षी बर्फ ३० एप्रिलला फुटला. १९६४ साली २० मे रोजी, आणि २०१९ साली १४ एप्रिललाच. या तीन तारखा फळ्यावर लिहून मुलांना दिवस मोजावयास सांगावे. १९६४ साल मध्येच उशिरा आलेले पाहून एखादा चुणचुणीत मुलगा शंका काढील, आणि ती काढावीच. एका वर्षावरून हवामान ठरत नाही. त्यासाठी लांबलचक यादी लागते, हे त्याला तेथेच समजेल.

बर्फाच्या जाडीचा प्रश्न याहून गहन आहे. आपल्याकडे बर्फवाला लादी भुशात व गोणपाटात गुंडाळतो, ती बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून. नदीवर पडलेले भुसभुशीत हिम हेच काम उलट दिशेने करते: खालच्या पाण्याची उष्णता ते बाहेर जाऊ देत नाही. म्हणून कडाक्याची थंडी असूनही, हिम लवकर व पुष्कळ पडल्यास बर्फ पातळ राहतो.

आणि पातळ बर्फ म्हणजे मोडका रस्ता. अलास्कात कुस्कोक्विम नदीकाठच्या खेड्यांस एकमेकांशी जोडणारी सडक नाही. हिवाळ्यात गोठलेली नदी हीच सडक. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात हिऱ्यांच्या खाणींना वर्षभराचे इंधन व यंत्रसामग्री पोहोचविणारा हिवाळी मार्ग बहुतांशी गोठलेल्या सरोवरांवरूनच जातो. २००६ साली बर्फ पुरेसा जाड न झाल्याने तो मुदतीपूर्वी बंद करावा लागला आणि उरलेला माल मोठ्या खर्चाने विमानांतून न्यावा लागला. खाणवाल्यांना विमान परवडते, खेडुतांस ते नेहमी परवडत नाही. थंड देशांतील हिवाळी बुडून मृत्यूंचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हिवाळ्याचे तापमान शून्य अंशाच्या जवळ येते तेथे असे मृत्यू झपाट्याने वाढतात, असे त्यात दिसून आले. बुडणाऱ्यांत मुले व तरुण पुष्कळ असतात. वडीलधाऱ्यांनी शिकविलेली बर्फाची पारख आता जुन्या तारखांना लागू पडत नाही, हे यामागील एक दुःखद कारण होय.

तथापि बर्फ लवकर गेला म्हणजे सर्वत्र हानीच, असे समजू नये, आणि सर्वत्र लाभच असेही नाही. उत्तरवाहिनी नद्यांत दक्षिणेकडचा वरचा भाग आधी वितळतो व खालचा भाग गोठलेलाच असतो. मग बर्फाच्या लाद्या अडकून बांध बनतो व पाणी गावात शिरते. सायबेरियात लेना नदीकाठचे लेन्स्क शहर २००१ च्या मे महिन्यात असेच उद्ध्वस्त झाले. बर्फ जागच्या जागी मऊ होऊन वितळू लागला तर असे पूर कमी होतील. परंतु मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशातील उंचावरची तळी याच पुरांनी भरतात; पूर चुकला की ती आटू लागतात.

राहता राहिले गुरुजींचे विधान. ते सर्वस्वी चूक नव्हते. उत्तर अलास्काच्या किनारी मैदानातील उथळ तळी हिवाळ्यात खरोखरच तळापर्यंत गोठत असत, कारण तेथील बर्फाची जाडी सुमारे दोन मीटरपर्यंत जाई. आता बर्फ तितका जाड होत नाही. त्यामुळे त्यांतील अनेक तळ्यांत बर्फाखाली वर्षभर पाणी राहू लागले आहे, आणि त्या पाण्याच्या उबेने तळाखालची, बारमाही गोठलेली जमीन वितळत आहे. मासे कोठे जातात, असे विचारणाऱ्या त्या मुलीस, काही तळ्यांत ते आता प्रथमच हिवाळाभर राहू शकतील, असेही सांगावे लागेल.