श्रोते वाढले, तोटा वाढला

प्रक्षेपणाचा मनोरा एकदा उभा राहिला, की श्रोते शंभर असोत वा लाख, नभोवाणी केंद्राचा खर्च तेवढाच राहतो. इंटरनेट नभोवाणीच्या बाबतीत अमेरिकेतील शुल्कपद्धतीने हे गणित उलटे केले आहे.

तेथे १९९८ च्या कायद्याने अशा केंद्रांना वैधानिक परवाना मिळाला. प्रत्येक ध्वनिमुद्रिका-कंपनीचे दार ठोठावण्याची गरज उरली नाही. सोय मोलाची खरी, परंतु मार्च २००७ मध्ये कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे शुल्क ठरविले. २०१० साठीचा दर होता ०.१९ सेंट. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तासाला १५ गाणी आणि अहोरात्र सरासरी १०० श्रोते धरले, तर वर्षाकाठी सुमारे २५ हजार डॉलर होतात. शंभर श्रोत्यांना जाहिरात ऐकवून एवढी रक्कम उभी करणे अशक्यप्राय आहे. याउलट तेथील मनोऱ्यावरून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रांना ध्वनिमुद्रणासाठी असे शुल्क मुळीच द्यावे लागत नाही!

२६ जून २००७ रोजी अनेक इंटरनेट केंद्रांनी निषेधार्थ मौन पाळले. पुढे २००९ च्या तडजोडीने लहान केंद्रांना उत्पन्नाच्या टक्केवारीने शुल्क भरता येऊ लागले. ती सवलत २०१५ अखेर संपली आणि हजारो लहान केंद्रांना आश्रय देणारी ‘लाइव्ह ३६५’ ही सेवा जानेवारी २०१६ च्या अखेरीस बंद पडली. नव्या मालकीखाली ती पुन्हा सुरू होण्यास २०१७ साल उजाडले.

कलावंताला मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. या शुल्काचा निम्मा वाटा गायक-वादकांकडे जातो, हे त्या व्यवस्थेचे भूषणच आहे. तथापि केंद्रच बुडाले, तर वाटा कशातून निघणार? आणि आधी बुडतात ती दुर्मीळ संगीत ऐकविणारी लहान केंद्रे.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने एफएम केंद्रांसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के शुल्क ठरविले होते. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेला प्रसारणाचा वैधानिक परवाना मात्र इंटरनेटला लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो उचलून धरला. म्हणजे जुन्या नाट्यसंगीताचे केंद्र इंटरनेटवर चालवू पाहणाऱ्याने प्रत्येक हक्कधारकाशी स्वतंत्र करार करावा! लहान केंद्रांना वैधानिक परवाना, अल्प किमान शुल्क आणि त्यावर उत्पन्नाची टक्केवारी, हाच न्याय्य मार्ग होय. कर उत्पन्नावर असावा, ऐकणाऱ्या कानांवर नव्हे.